ईएफएसने (विंडोजमधल्या फायली-फोल्डरे एन्क्रिप्ट करण्याच्या सोयीने) फोल्डर एन्क्रिप्ट करण्यापूर्वी किल्लीचा बॅकअप कसा घ्यावा?

करनोंद:

कार्यालयात एकच डेस्कटॉप आहे. विंडोज ११ प्रो, लोकल अकाउंट, मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलेले नाही. डी ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-रचना) आहे. त्यावर ग्राहकांच्या पॅन-आधारच्या प्रती, बँक स्टेटमेंट, जीएसटी आणि आयकर विवरणपत्रांची फोल्डरे आहेत, साधारण ४० जीबी. याच संगणकावर आणखी दोघांची स्वतंत्र अकाउंट्स आहेत आणि त्यांना ही फोल्डरे उघडता येऊ नयेत.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डखाली 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा' अशी चौकट दिसते. तिच्यावर टिक करण्याआधी हे समजून घ्यायचे आहे:

ही किल्ली नेमकी कुठे तयार होते आणि एकही फाइल एन्क्रिप्ट करण्याआधी ती बाहेर काढून ठेवता येते का? विंडोज पुन्हा टाकावे लागले आणि तेच युजरनेम, तोच पासवर्ड ठेवला, तर फायली उघडतील का? किल्लीची प्रत कशावर आणि कुठे ठेवावी? आणि मुळात यापेक्षा बिटलॉकर (अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) बरे का?

'सर्टएमजीआर डॉट एमएससी' (विंडोजमधली सर्टिफिकेट्सची यादी) उघडून पाहिले. पर्सनलच्या यादीत विवरणपत्रांसाठीचे डीएससी (डिजिटल सही) टोकनचे सर्टिफिकेट दिसते आहे. त्याचा या एन्क्रिप्शनशी काही संबंध आहे का?

---

सायफरकर:

टिक करण्याआधी विचारलेत हे उत्तम, कारण ईएफएस या बाबतीत कुणालाही अडवत नाही. बिटलॉकर रिकव्हरी किल्ली कुठेतरी साठवायला लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. ईएफएस मात्र आधी फायली बंद (म्हणजे एन्क्रिप्ट) करते आणि नंतर घड्याळाशेजारी 'किल्लीचा बॅकअप घ्या' अशी सूचना दाखवते. ती सूचना बंद केली की काम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि डिस्क बदलायची वेळ आली की सगळे कळते.

आधी रचना सांगतो, म्हणजे तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतील. प्रत्येक फाइलसाठी विंडोज एक वेगळी एईएस किल्ली बनवते आणि तिने फाइलमधला मजकूर बंद करते. मग ती किल्ली तुमच्या सर्टिफिकेटमधल्या आरएसए सार्वजनिक किल्लीने बंद करून त्याच फाइलच्या एनटीएफएस नोंदीत ठेवली जाते. म्हणजे फाइल उघडायला लागते ती तुमची आरएसए खाजगी किल्ली. ती तुमच्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, क्रिप्टो, आरएसए या वाटेने गेल्यावर सापडते. पण ती तिथे उघडी पडलेली नसते. डीपीएपीआय नावाची यंत्रणा तिला एका मास्टर किल्लीने बंद ठेवते, आणि ती मास्टर किल्ली तुमचा लॉगिन पासवर्ड व तुमच्या अकाउंटचा एसआयडी (विंडोजने दिलेला ओळख क्रमांक) यांच्या आधाराने बंद असते.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही, उघडणार नाहीत. विंडोज नव्याने टाकल्यावर तेच नाव आणि तोच पासवर्ड दिलात तरी अकाउंटचा एसआयडी नवा असतो आणि जुनी खाजगी किल्ली त्या प्रोफाइलमध्ये नसते. तुमच्याकडे तर फायली डी ड्राइव्हवर आणि किल्ली सी ड्राइव्हवर, अशी फारकत असणार. सी फॉरमॅट करताना 'डेटा डीवर आहे, चिंता नाही' असे म्हटले जाते. डेटा खरोखरच जागेवर राहतो, पण तो उघडण्याचे एकमेव साधन सीबरोबर पुसले जाते.

त्या वेळी 'ॲक्सेस डिनाइड' असा संदेश येतो आणि लोक तो परवानगीचा घोळ समजून फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतात, सिक्युरिटी टॅबमध्ये फुल कंट्रोल देतात. परवानगी आणि एन्क्रिप्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी घेऊन फाइलचे नाव बदलता येईल, ती पुसताही येईल, पण मजकूर वाचता येणार नाही. प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डखाली ती टिक दिसत असेल तर परवानग्यांशी झटापट करण्यात अर्थ नाही.

आता कृती. आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना रोमन अक्षरे वापरा आणि अवतरणचिन्हे वगळा.

ज्या अकाउंटमधून फायली वापरता त्याच अकाउंटमध्ये साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करू नका. तुमचे रोजचे अकाउंट स्टँडर्ड असेल आणि तुम्ही वेगळ्या ॲडमिन अकाउंटचा पासवर्ड देऊन खिडकी उघडली, तर सर्टिफिकेट त्या ॲडमिनच्या नावे तयार होते. मग तुम्ही जपून ठेवलेली प्रत भलत्याच किल्लीची निघते.

'सायफर /के' ही आज्ञा ईएफएससाठी नवे सर्टिफिकेट आणि किल्ली तयार करते. अजून एकही फाइल एन्क्रिप्ट झालेली नाही आणि किल्ली मात्र हातात आहे, हाच क्रम आपल्याला हवा आहे. स्क्रीनवर सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे त्याची ओळखखूण, दिसेल. ४० हेक्स अंक-अक्षरांची ती ओळ वहीत उतरवून ठेवा. तो गुप्त नसतो. नंतर कधीही 'सायफर /वाय' दिलेत की सध्या वापरात असलेल्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट परत दिसतो.

मग सर्टएमजीआरमध्ये पर्सनल, सर्टिफिकेट्स उघडा आणि 'इंटेंडेड पर्पजेस' हा रकाना पाहा. जिथे 'एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम' लिहिले आहे तेच आपले. तुमचे डीएससी वेगळे आहे. ते प्रमाणन संस्थेने दिलेले असते, त्याची मुदत एक ते तीन वर्षांची असते आणि त्याची खाजगी किल्ली टोकनमधून बाहेर काढताच येत नाही. ईएफएसचे सर्टिफिकेट विंडोजने स्वतःच सही करून बनवलेले असते, 'इश्यूड बाय'मध्ये तुमचेच युजरनेम दिसते आणि मुदत १०० वर्षांची असते. दोन्हींमध्ये गल्लत होऊ देऊ नका.

त्यावर राइट क्लिक, ऑल टास्क्स, एक्सपोर्ट. स्वागताच्या पानानंतर 'येस, एक्सपोर्ट द प्रायव्हेट की' निवडा. हा पर्याय फिका दिसत असेल तर तिथेच थांबा, कारण त्या सर्टिफिकेटची खाजगी किल्ली या संगणकावर नाही किंवा ती बाहेर काढण्याची मुभा नाही. 'नो' निवडून पुढे गेलात तर .सीईआर फाइल मिळते. तिच्यात फक्त सार्वजनिक किल्ली असते आणि तिने एकही फाइल उघडत नाही. बॅकअप म्हणून जपलेली फाइल .सीईआर निघणे हा फार वेळा दिसणारा घोटाळा आहे. आपल्याला खाजगी किल्लीसकट असलेली .पीएफएक्स हवी.

पुढच्या पानावर 'एक्सपोर्ट ऑल एक्स्टेंडेड प्रॉपर्टीज'वर टिक असू द्या. 'डिलीट द प्रायव्हेट की इफ द एक्सपोर्ट इज सक्सेसफुल' यावर टिक नको, नाहीतर रोजच्या अकाउंटमधूनच किल्ली जाईल. पासवर्ड द्या आणि खाली एईएस२५६-एसएचए२५६ निवडा. पुढे कधी विंडोज ७ सारख्या जुन्या संगणकावर ही प्रत आयात करायची वेळ येणार असेल तरच ट्रिपलडीईएस ठेवा. तयार झालेली फाइल काही केबींचीच असते.

हेच काम 'सायफर /एक्स' आणि पुढे फाइलचे नाव देऊनही होते; .पीएफएक्स तो स्वतःच जोडतो. पण पहिल्या वेळी सर्टएमजीआरमधून करा, म्हणजे काय निवडतो आहोत ते डोळ्यांसमोर राहते.

---

चाचणीआधी:

वरचे सगळे बरोबर. पण .पीएफएक्स फाइल हाती आली म्हणजे बॅकअप झाला असे मी म्हणणार नाही. तिने एक एन्क्रिप्टेड फाइल उघडून पाहिली की मग झाला. ही चाचणी ४० जीबी बंद करण्याआधी करायची आहे.

डी ड्राइव्हवर 'चाचणी' नावाचे फोल्डर करा, ते एन्क्रिप्ट करा आणि आत एक बिनमहत्त्वाची टेक्स्ट फाइल ठेवा. आता संगणकावर एक तात्पुरते स्टँडर्ड अकाउंट उघडा आणि त्यातून ती फाइल उघडायचा प्रयत्न करा. ती उघडता कामा नये. ही पायरी गाळू नका. किल्ली नसताना फाइल उघडत नाही हे दिसल्याशिवाय किल्ली आल्यावर उघडण्याला अर्थ राहत नाही. मात्र त्या अकाउंटला फोल्डरची साधी वाचनाची परवानगी आहे याची सिक्युरिटी टॅबमध्ये खात्री करा, म्हणजे नकार एन्क्रिप्शनमुळेच आला हे पक्के होईल.

मग पेनड्राइव्हवरची .पीएफएक्स डबल क्लिक करून आयात करा. 'करंट युजर', पासवर्ड, साठवण्याची जागा पर्सनल. 'स्ट्राँग प्रायव्हेट की प्रोटेक्शन'वर टिक नको, ईएफएसला ते चालत नाही. आता तीच फाइल उघडली पाहिजे. उघडली की ते तात्पुरते अकाउंट त्याच्या फायलींसकट काढून टाका, नाहीतर तुमच्या किल्लीची एक जादा प्रत त्या प्रोफाइलमध्ये पडून राहील. खऱ्या प्रसंगी नव्या विंडोजवर आयात करताना मात्र 'मार्क धिस की ॲज एक्सपोर्टेबल'वर टिक करा. नाहीतर तिथून पुढे ती किल्ली पुन्हा बाहेर काढता येणार नाही.

पासवर्डबद्दल. तुमचे लोकल अकाउंट आहे आणि संगणकावर आणखी लोक आहेत, म्हणून हे नीट वाचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून, जुना पासवर्ड देऊन नवा ठेवलात तर काही बिघडत नाही. विंडोज मास्टर किल्ली नव्या पासवर्डने पुन्हा बंद करते. पण दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून कुणी तुमचा पासवर्ड 'रीसेट' केला, तर जुना पासवर्ड कुणी दिलेलाच नसतो. मास्टर किल्ली जुन्याच पासवर्डने बंद राहते, खाजगी किल्ली तिच्या आत अडकते आणि फायली बंद. यूएसबीवरून चालणारी पासवर्ड पुसणारी साधनेही हेच करतात. ॲडमिन अकाउंटमधून रीसेट करताना विंडोज माहिती कायमची जाऊ शकते असा इशारा देते, पण घाईत तो वाचला जात नाही. असे झालेच आणि जुना पासवर्ड आठवत असेल, तर तोच पुन्हा ठेवून पाहा. बहुधा फायली परत उघडतात. .पीएफएक्स जवळ असेल तर हा प्रश्नच उरत नाही, आयात करा आणि कामाला लागा.

याची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे. बाकीच्या दोघांपैकी कुणी ॲडमिन असेल आणि त्याने तुमचा पासवर्ड बदलून लॉगिन केले, तरी त्याला फायली वाचता येत नाहीत. पण ॲडमिन तुमच्या अकाउंटवर पाळत ठेवणारा प्रोग्राम बसवू शकतो. तेव्हा शक्य असेल तर त्या दोघांची अकाउंट्स स्टँडर्डच ठेवा.

प्रत कुठे ठेवावी? निदान दोन, वेगवेगळ्या वस्तूंवर, आणि त्यातली एक कार्यालयाच्या बाहेर. एक पेनड्राइव्ह घरच्या कपाटात, दुसरी प्रत एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर बँकेच्या लॉकरमध्ये, असे चालेल. पेनड्राइव्हची फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरत जाते, म्हणून वर्षातून एकदा जोडून फाइल उघडते का ते बघा. विवरणपत्रांचा हंगाम संपला की हे काम करायचे असे ठरवून टाका. तिसरी प्रत कागदावर हवी असेल तर 'सर्टयूटिल -एन्कोड' या आज्ञेने .पीएफएक्सचे साध्या अक्षरांत रूपांतर होते आणि ते एक-दोन पानांत छापून निघते. ठळक, एकसारख्या रुंदीचा फाँट वापरा. परत टाइप किंवा स्कॅन करताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांची अदलाबदल होते, त्यामुळे कागदी प्रत शेवटचा आधार म्हणूनच धरा.

.पीएफएक्सचा पासवर्ड त्याच पाकिटात ठेवू नका. तो विंडोजच्या पासवर्डपेक्षा वेगळा आणि लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द चांगले. ती फाइल कुणाच्या हाती लागली तर तेवढाच अडसर मध्ये असतो. म्हणूनच ती ईमेलने स्वतःला पाठवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे.

आणि ती फाइल एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरातच ठेवू नका. सांगायला साधी गोष्ट वाटते, पण डॉक्युमेंट्स फोल्डर पूर्ण एन्क्रिप्ट केलेले असते आणि एक्सपोर्ट करताना विंडोज नेमके तेच फोल्डर समोर ठेवते.

---

अकराचीकसोटी:

बिटलॉकरच्या प्रश्नावर कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. 'हे की ते' असा प्रश्न इथे नाही. बिटलॉकर अख्खा ड्राइव्ह बंद करतो. संगणक चोरीला गेला, डिस्क काढून दुसरीकडे जोडली, दुरुस्तीला दिली, अशा वेळी तो कामाचा. पण विंडोज सुरू झाले आणि ड्राइव्ह उघडला की तो सगळ्या अकाउंट्ससाठी उघडाच असतो. तुमची गरज त्याच संगणकावरच्या दोघांपासून फायली जपण्याची आहे, आणि ते काम ईएफएसचे. ग्राहकांची कागदपत्रे आहेत म्हणून दोन्ही वापरा असे माझे ठाम मत आहे. ईएफएसमध्ये फाइलची नावे उघडीच राहतात. ग्राहकाचे नाव आणि पॅन फाइलच्या नावातच लिहायची पद्धत असेल, तर चोरट्याला तेवढे वाचता येईल. बिटलॉकर असेल तर तेही नाही.

त्याची किल्ली वेगळी आणि तिचा बॅकअपही वेगळा. सी आणि डी या दोन्हींची रिकव्हरी किल्ली स्वतंत्र असते, एकीने दुसरा ड्राइव्ह उघडत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट डी:' दिलेत की किल्लीची ओळख आणि ४८ अंकी रिकव्हरी पासवर्ड दोन्ही दिसतात. छापताना दोन्ही छापा. रिकव्हरीचा निळा पडदा येतो तेव्हा तो ओळखीचे आकडे दाखवतो आणि हातातल्या तीन-चार कागदांपैकी कोणता लावायचा ते त्यावरूनच कळते.

४८ अंक सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे हाताने उतरवलेली किल्ली शाळेतल्या ११ च्या कसोटीने तपासता येते. उदाहरणार्थ ३१४२५९: पहिला, तिसरा, पाचवा अंक मिळून ३ + ४ + ५ = १२; दुसरा, चौथा, सहावा मिळून १ + २ + ९ = १२; फरक शून्य, म्हणजे गट बरोबर. फरक ११ आला तरी चालतो. शिवाय कुठलाही गट ७२०८८५ पेक्षा मोठा नसतो, म्हणून ८ किंवा ९ ने सुरू होणारा गट दिसला तर उतरवताना चूक झालीच आहे. शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले तर ही कसोटी पकडते. अख्ख्या गटांचा क्रम बदलला तर मात्र पकडत नाही, तो डोळ्यांनीच ताडून बघा.

बायोस अपडेट करण्याआधी किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा. नाहीतर टीपीएमला (किल्ली जपणाऱ्या चिपला) यंत्र बदलल्यासारखे वाटते आणि पुढच्या वेळी ४८ अंक मागितले जातात. सस्पेंड म्हणजे डिक्रिप्ट नव्हे. डेटा बंदच राहतो आणि काही मिनिटांत काम होते.

---

हेडरप्रत:

धागा विंडोजचा आहे, पण लिनक्सवर लक्स (तिथली डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) वापरणारेही हे वाचतील म्हणून थोडक्यात.

लक्समध्ये डिस्कची खरी किल्ली सुरुवातीच्या हेडरमध्ये असते, तुमच्या पासफ्रेजने बंद केलेली. लक्स२ मध्ये हा भाग सहसा १६ एमबीचा असतो. किल्लीचे तुकडे मुद्दाम पसरून ठेवलेले असतात, जेणेकरून पुसलेली किल्ली परत जुळवता येऊ नये. त्यामुळे तेवढ्यातला एखादा सेक्टर जरी खराब झाला तरी तो स्लॉट निकामी होतो, आणि मग पासफ्रेज पाठ असून उपयोग नाही. म्हणून डिस्क तयार झाल्याबरोबर 'क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप' देऊन, '--हेडर-बॅकअप-फाइल' पुढे फाइलचे नाव घालून प्रत घ्या. तपासायला 'क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज --हेडर', पुढे प्रतीचे नाव आणि डिस्कचे नाव. काही न उघडता पासफ्रेज बरोबर आहे की नाही तेवढेच ते सांगते.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पासफ्रेज बदलली तरी हेडरच्या जुन्या प्रतीला जुनी पासफ्रेज लागू राहते, कारण आतली खरी किल्ली बदललेली नसते. पासफ्रेज फुटली म्हणून बदलली असेल, तर जुन्या हेडर प्रती शोधून नष्ट केल्याच पाहिजेत.

व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रामवाल्यांसाठी एकच सूचना: किल्लीफाइल (पासवर्डबरोबर किल्लीसारखी द्यायची फाइल) म्हणून गाणे किंवा फोटो वापरू नका. व्हेराक्रिप्ट फाइलचे पहिले १०२४ केबी वाचतो. प्लेअरने गाण्याचे टॅग दुरुस्त केले, फोटोच्या ॲपने तो आडवा-उभा करून साठवला, की तेवढ्यात बदल होतो आणि ती किल्ली राहत नाही.

---

करनोंद:

सगळ्यांचे आभार. किल्ली आधी, चाचणी नंतर, मग एन्क्रिप्शन, याच क्रमाने केले. तात्पुरत्या अकाउंटमध्ये आयातीआधी नकार आला आणि आयातीनंतर फाइल उघडली.

दोन गोष्टी अडल्या. डी ड्राइव्हवर '२०२१ जुने' नावाच्या फोल्डरातल्या काही फायलींवर आधीपासूनच कुलपाचे चिन्ह आहे. बहुधा त्या वेळी कुणीतरी टिक केली होती. माझ्याच अकाउंटमधून त्या उघडतात. पण 'सायफर /सी' देऊन पाहिले तर त्यांचा थंबप्रिंट आता बनवलेल्या सर्टिफिकेटशी जुळत नाही. म्हणजे माझी .पीएफएक्स त्यांना लागू नाही का?

दुसरे, या एन्क्रिप्टेड फायलींचा रोजचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायचा आहे. सरळ कॉपी केल्या तर तिथेही बंदच राहतात का?

---

सायफरकर:

नाही, लागू नाही. 'सायफर /सी' तपासलेत म्हणून हे आत्ता कळले. एका अकाउंटमध्ये ईएफएसची एकापेक्षा जास्त सर्टिफिकेट्स असू शकतात. नव्या फायलींना सध्याचे लागते, जुन्या फायली ज्याने बंद झाल्या त्यालाच धरून राहतात. दोन्ही खाजगी किल्ल्या तुमच्या प्रोफाइलमध्ये आहेत म्हणून सगळे उघडते आहे. उद्या नव्या विंडोजवर फक्त नवी .पीएफएक्स आयात केली असतीत, तर ते जुने फोल्डर बंदच राहिले असते.

आधी जुनी किल्लीही बाहेर काढा. 'सायफर /एक्स:' लिहून कोलनला जोडूनच त्या जुन्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, मग एक स्पेस आणि बॅकअपला द्यायचे नाव. ही आज्ञा ती फाइल ज्या सर्टिफिकेटने बंद आहे नेमके तेच बाहेर काढते. मग 'सर्टयूटिल -डंप' आणि .पीएफएक्सचे नाव द्या. पासवर्ड विचारून ती आतला एसएचए१ हॅश दाखवते. तोच थंबप्रिंट. 'सायफर /सी'मधल्याशी अक्षरन् अक्षर जुळवा आणि पेनड्राइव्हवर फाइलचे नावच थंबप्रिंटच्या पहिल्या आठ अक्षरांवरून ठेवा.

ही प्रत तपासून झाली की 'सायफर /यू /एन' चालवा. ती काही न बदलता संगणकावरच्या सगळ्या एन्क्रिप्टेड फायलींची यादी देते. यादीत अनपेक्षित काही दिसले तर थांबून बघा. मग नुसते 'सायफर /यू', म्हणजे सगळ्या फायली सध्याच्या किल्लीवर येतील. यात अख्खी फाइल पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही, फाइलच्या नोंदीतली छोटी किल्ली तेवढी नव्याने बंद होते, म्हणून मोठ्या फायलींनाही फार वेळ लागत नाही. शेवटी जुन्या फोल्डरातल्या दोन-चार फायलींवर पुन्हा 'सायफर /सी'.

बाहेरच्या डिस्कचे असे आहे. ती एनटीएफएस असेल तर कॉपी केलेली फाइल बंदच राहते. एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल, आणि बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह तसेच असतात, तर प्रत बंदच राहील असे गृहीत धरू नका; विंडोजने 'एन्क्रिप्शनशिवाय कॉपी करू का' असे विचारले आणि हो म्हटले की तिथे उघडी प्रत जाते. ईमेलला जोडलेली फाइलही उघडीच जाते. विंडोजची फाइल हिस्टरी ईएफएसच्या फायली बॅकअपमध्ये घेत नाही, तिच्यावर विसंबू नका. 'रोबोकॉपी'ला '/ईएफएसरॉ' जोडलेत तर फाइल न उघडता आहे तशी बंद अवस्थेत नेली जाते. दोन्ही बाजूंना एनटीएफएस हवे.

अजून एक. तुमच्या ४० जीबी आधी उघड्या होत्या आणि नंतर जागच्या जागी एन्क्रिप्ट झाल्या. त्या प्रक्रियेत विंडोज प्रत्येक फाइलची तात्पुरती उघडी प्रत करते आणि काम झाल्यावर पुसते, पण पुसलेला मजकूर रिकाम्या जागेत राहतो. फिरती हार्ड डिस्क असेल तर 'सायफर /डब्ल्यू:डी:\' चालवा. ती रिकाम्या जागेवर आधी शून्ये, मग सगळे एक आणि मग यादृच्छिक आकडे असे तीनदा लिहिते. मोठ्या डिस्कवर काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. एसएसडीवर याची हमी नाही, कारण कुठल्या पेशीत लिहायचे हे तिचा कंट्रोलर ठरवतो. तिथे बिटलॉकरच कामी येतो.

---

चाचणीआधी:

एक पुरवणी. विंडोज २००० मध्ये अशा एकट्या संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटर आपोआप रिकव्हरी एजंट (इतरांच्या एन्क्रिप्टेड फायली उघडू शकणारा) असे. एक्सपीपासून ते नाही, स्वतः नेमावा लागतो. 'सायफर /आर:' पुढे नाव दिले की .सीईआर आणि .पीएफएक्स अशी जोडी तयार होते. 'सेकपॉल डॉट एमएससी'मध्ये पब्लिक की पॉलिसीज, एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम, 'ॲड डेटा रिकव्हरी एजंट' इथे ती .सीईआर द्या आणि पुन्हा 'सायफर /यू' चालवा. मग प्रत्येक फाइलला उघडण्याची दुसरी वाट मिळते आणि 'सायफर /सी'मध्ये रिकव्हरी सर्टिफिकेटची वेगळी ओळ दिसते. एजंटची .पीएफएक्स संगणकावरून काढून फक्त लॉकरमध्ये ठेवा. तुमच्या पश्चात भागीदाराला किंवा घरच्यांना कागदपत्रे उघडावी लागली तर त्यांच्या हाती ही द्यायची.

'सायफर /यू' झाल्यावर जुनी .पीएफएक्स फेकू नका. बाहेरच्या डिस्कवर आधी घेतलेल्या प्रती अजून जुन्याच किल्लीने बंद आहेत. /यू फक्त संगणकातल्या आणि त्या वेळी जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत पोहोचते. त्यातली शेवटची प्रत पुसली जाईपर्यंत जुनी किल्ली नव्या किल्लीबरोबरच जपायची.